धुतलेल्या पायांचा गुरुवार

पवित्र गुरुवारी फादर बारा पुरुषांचे पाय धुतात, ही रीत जगभरची. पण ते पाय आदल्या दिवशी घरी घासून, नखं कापून, खोबरेल चोळून तयार ठेवायचे, ही रीत फक्त आमच्या पाड्याची असावी. मी तरी ती दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

बुधवारी दुपार कलली की आमच्या वीसबावीस घरांपैकी बारा घरांसमोर एकच देखावा दिसे. ओटीवर पुरुष बसलेला, खाली पायरीवर त्याची बायको नाहीतर सून, दोघांच्या मध्ये घमेलं, आणि टाचा घासायच्या वज्रीचा खर्रखर्र आवाज. बायका एकमेकींना अंगणातून हाका मारून विचारत.

"झाली का गो टाच?"

"एक झाली. दुसरीत अजून गेल्या पावसाचा चिखल हाय!"

येशूने शिष्यांचे पाय धुतले ते नम्रता शिकवायला, हे आम्ही दरवर्षी ऐकत असू. नम्रतेचं कौतुक फादरांचं होई, कंबर मात्र आम्हा बायकांची धरे.

यामागचा विचार तसा वाईट नव्हता. फादरांच्या हातात मळके पाय कसे द्यायचे? पण एका विचाराला दुसरा चिकटला, दुसऱ्याला तिसरा. बाराजणांनी देवळात अनवाणी यायचं, असा एक नियम होता. (आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू.) अनवाणी चाललं तर घासलेले पाय धुळीने भरणार. म्हणून मग बाराजणांना बैलगाडीतून न्यायचं. दोन गाड्या, एकेकीत सहा माणसं, खाली पेंढा, पेंढ्यावर धुतलेली चादर, आणि सगळ्यांचे पाय उचललेले. देऊळ घरांपासून चारशे पावलांवर होतं. जी माणसं एरवी बोईसर स्टेशनपर्यंत चालत जाऊन चालत यायची, ती त्या दिवशी चारशे पावलांसाठी पाय आकाशाकडे करून गाडीत बसायची. त्यात त्या वर्षांत समुद्राकडे, घिवलीच्या अंगाला, अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. ट्रकमागून ट्रक जात आणि धूळ अशी उडे की गाडीतले पाय वर असले तरी माणसं पांढरी होऊन उतरत. पाय तेवढे स्वच्छ.

तेव्हा मी नुकतीच बी.ए. झाले होते आणि पालघरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या पाड्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही झालं नव्हतं. सिस्टरांनी बोर्डिंगात ठेवून घेतलं, फादरांनी चिठ्ठ्या दिल्या, शेजारच्या मावशींनी आपली चांगली साडी मुलाखतीला दिली. या सगळ्यांचे उपकार मी आजही रात्रीच्या प्रार्थनेत एकेकाला आठवून मानते. पण खरं सांगायचं तर त्या वयात उपकारांबरोबर थोडी शिंगंही फुटली होती. मी लोकांच्या चुका सुधारत असे. सुट्टीला घरी आले की आईच्या प्रार्थनेतले चुकलेले शब्दसुद्धा सुधारत असे. ती म्हणे, "देवाला कळतात ते शब्द. तुला नाय कळत तर तू कान बंद ठेव."

आईला मी आय म्हणत असे आणि वडिलांना बा.

बा ताडावर चढायचा. सरकारची दारूबंदी होती, त्याच्याकडे परवाना होता तो नीरेचा. पहाटे चढायचं, सूर्य वर यायच्या आत मडकी उतरवायची, मडक्याला आतून चुना लावलेला असला की नीरा गोड राहते. चुना कमी पडला किंवा ऊन चढलं, की नीरा आपल्या मनाने काय व्हायचं ते होते. तिची ताडी होते. आणि ताडी झाली की बा ती फेकून देई, असं परवान्यावर लिहिलं होतं.

फेकत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. थोडी तो पीत असे, थोडी मागच्या दाराने मागायला येणाऱ्यांना देत असे. संध्याकाळी जे लोक मागच्या दाराशी येऊन "काका, जरा द्या ना" म्हणायचे, तेच रविवारी देवळाच्या पुढच्या दारात बाला पाहून मान वळवायचे. बा देवळात कधी बाकावर बसला नाही. मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. विचारलं की म्हणायचा, "चढणाऱ्या माणसाला बसायची सवय नाय." पण मला आणि आयला माहीत होतं की त्याची एकच इच्छा आहे. पवित्र गुरुवारी बाराजणांच्या बाकावर एकदा बसायचं.

अडचण होती ती आमच्या कारभारी काकांच्या नियमाची. देवळाचा सगळा कारभार ते पाहत. फार वर्षांपूर्वी बारांपैकी पिऊन आलेला एकजण पाय धुऊन घेताना बाकावरून थेट फादरांच्या अंगावर पडला होता आणि घमेल्यासकट दोघे लोळले होते. तेव्हापासून काकांनी नियम केला: बारांत बसायचं तर उपवासकाळाचे चाळीस दिवस थेंब घ्यायचा नाही. गाडीत चढताना ते प्रत्येकाचं तोंड हुंगत. त्यांचं नाक पाड्यात प्रसिद्ध होतं. परवा काय प्यायलात तेही सांगतात, असं लोक म्हणत.

बा दरवर्षी नियम पाळायला घेई. एका वर्षी तिसऱ्या दिवशी घसरला. एका वर्षी सतराव्या. एकदा तर गुरुवारच्या चार दिवस आधीच्या झावळ्यांच्या रविवारपर्यंत पोचला, आणि हातातली आशीर्वादाची झावळी घेऊन घरी येताना कुठेतरी वळला.

त्या वर्षी उपवासकाळाच्या तोंडावर फादरांनी मला बोलावून सांगितलं, "टीचर, तुमचं अक्षर चांगलं. बाराजणांची यादी तुम्ही लिहा, देवळाच्या दाराला लावू." मी यादीचा कागद घेऊन कारभारी काकांकडे गेले. त्यांनी अकरा नावं सांगितली, पहिलं स्वतःचं. बारावं सांगताना ते थांबले, तेव्हा मी म्हटलं, "काका, बाचं लिहू का?"

काकांनी चष्मा काढला. "तो राहील चाळीस दिवस?"

"राहील."

"कोणाच्या हमीवर?"

"माझ्या."

"मग लिव," ते म्हणाले. "बी.ए.ची हमी हाय. आमी कोण नाय म्हणणार?"

मी बाराव्या ओळीत बाचं नाव लिहिलं. इतर नावांपेक्षा ते किंचित मोठं झालं.

ते चाळीस दिवस बाने कसे काढले ते आयला विचारावं. तो चिंच चघळायचा, उसाचं कांडं चघळायचा, काही नाही मिळालं तर दोरीचं टोक चघळायचा. मी दर शनिवारी घरी आले की आय तक्रार सांगायची. "पितो तेव्हा बरा असतो गो. गाणी म्हणतो, भांडी विसळतो, माझ्या आमटीला छान म्हणतो. आता शुद्धीत जेवतो आणि म्हणतो मीठ जास्त हाय. पंचवीस वर्सं मीठ जास्तच होतं, याला आता कळलं!"

पण बा टिकला. तीस दिवस झाले. झावळ्यांचा रविवार गेला. बुधवारी मी रजा टाकून सकाळीच आले, तर आय पायरीवर बसून बाच्या पायांशी झुंजत होती.

ताडावर चढणाऱ्याचे पाय ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. तळवा झाडाच्या सालीसारखा, अंगठा बाकी बोटांपासून दूर गेलेला, घोट्याच्या वर दोरीचा काळा घट्टा. आयने रिठे भिजवले होते, धुण्याचा साबण घेतला होता, वज्री दोन वेळा दगडावर ठोकून साफ केली होती.

"हळू गो," बा म्हणाला. "फादरला धुवायला कायतरी ठेव."

"फादर वरून पाणी ओततो नि फडका लावतो. ही टाच त्याच्यानं जन्मात निघायची नाय."

संध्याकाळपर्यंत ते पाय गुलाबी झाले. बाने स्वतःच ते वळवून वळवून पाहिले. दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. मग म्हणाला, "ओढ्याच्या ताडावरची दोन मडकी पहाटेच उतरवून खाली ठेवलीत, तेवढी घेऊन येतो."

"पाय मळतील!" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"नाय मळू देत," तो म्हणाला, आणि गेला.

तासाभराने तो परत आला तेव्हा मी ओटीवर होते. आधी मला कळेचना की काय चाललंय. बा टाचांवर चालत होता. दोन्ही पायांना सागाची मोठमोठी पानं गुंडाळून वर दोऱ्यांनी बांधलेली होती, आणि दोन्ही हात बाजूला पसरून तो विहिरीच्या काठावरून चालावं तसा तोल सांभाळत येत होता. जवळ आल्यावर वास आला. मला कारभारी काकांच्या नाकाची गरज पडली नाही.

"पाय बघ," बा मोठ्या अभिमानाने म्हणाला. पानं सोडून दाखवली. "एक कण नाय लागला."

"बा!"

"एका मडक्याला चुना लावायचा राहून गेलता."

"राहून गेलता की ठेवलता?" आय दारातून म्हणाली.

बा पायरीवर बसला. त्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान हळूहळू उतरला. "फेकणारच होतो," तो म्हणाला. "मडकं उचललं, वाकडं केलं. मग हात तिथंच राह्यला."

मी त्याला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "माझी हमी होती," हे मी तीनदा म्हटलं. "लोकांनी मला काय म्हणायचं?" हेही म्हटलं. बा ऐकून घेत होता. आय मात्र मध्येच म्हणाली, "झालं का तुझं? येशूच्या शेवटच्या जेवणाला बसलेले बारा काय मोठे हुशार होते? जेवले आणि बागेत जाऊन झोपले. येशूने तीनदा उठवलं तरी झोपले. तुझ्या कारभाऱ्याने त्यांतला एक तरी गाडीत घेतला असता काय?"

आयला वाचता येत नव्हतं. पण हा उतारा ती चाळीस वर्षं ऐकत होती आणि तिच्या तो चांगलाच लक्षात होता.

"आणि कारभाऱ्याचं सांगू?" तिने आवाज चढवला. "त्यांच्या वाताचं औषध दर शुक्रवारी कोणाच्या घरातून जातं? बाटलीवर औषधाची चिठ्ठी डकवलेली हाय म्हणून आत औषध हाय काय?"

मला हे माहीत नव्हतं. ऐकताक्षणी वाटलं की आत्ताच काकांच्या घरी जावं आणि त्यांचाच नियम त्यांच्यापुढे ठेवावा. मी चपला घालायलाही लागले. बाने माझा हात धरला. दारू प्यायलेल्या माणसाचा हात इतका घट्ट असेल असं वाटलं नव्हतं.

"त्या माणसाचं नाव काढायचं नाय," तो म्हणाला.

"का? त्यांनी नियम करायचा आणि त्यांनीच…"

"लाजेनं तो औषध म्हणतो. म्हणू दे. मी बाटली देतो तेव्हा मी पन औषधच म्हणतो. कारभारी, औषध घ्या, वात कसा हाय, असं विचारतो. माणसाची लाज त्याची त्याला राहू द्यावी." मग म्हणाला, "माझं नाव काप. मी नियम मोडला, तेवढं खरं हाय."

ते काका आज नाहीत म्हणून हे लिहिते. नाव तरीही घेत नाही, बाला आवडलं नसतं.

गुरुवारी सकाळी मी देवळाच्या दारावरून यादी काढून आणली आणि बाचं नाव कापलं. शाळेच्या वह्या तपासायची लाल शाई माझ्याकडे होती. पट्टी लावून सरळ रेघ मारली. मारून झाल्यावर रेघ किती सरळ आली हेही पाहिलं. बा समोरच दोरी विणत बसला होता. त्याने पाहिलं आणि पुन्हा दोरीत डोकं घातलं.

आता बारावा माणूस शोधायचा होता. कारभारी काकांना मी फक्त "बाला जमणार नाही" एवढंच सांगितलं. त्यांनी नाक वर करून हवा तेवढी ओढली. मग मी घरोघर गेले. आणि तिथे आमच्या पाड्याची ती रीत माझ्या पायांत आली.

"आज सांगतेस?" पहिल्या घरातले आजोबा ओरडले. "पाय बघ माझे!"

दुसऱ्या घरी काकू म्हणाल्या, "यांचे पाय घासायला दोन दिवस लागतात, मास्तरीणबाय. ख्रिसमसला कळवलं असतं तर बघितलं असतं."

तिसऱ्या घरी एक तरुण उत्साहाने तयार झाला, पण त्याच्या आईने त्याला आत ओढून नेलं. तो सकाळीच भाताच्या खाचरात बांध घालून आला होता.

दुपार झाली. पाय धुऊन घ्यायला अख्ख्या पाड्यात एक माणूस मिळेना, कारण कोणाचे पाय धुतलेले नव्हते. हे वाक्य मी तेव्हा मनात जसंच्या तसं म्हटलं, आणि तरी त्यात काही गंमत आहे हे बी.ए. झालेल्या मला कळलं नाही.

घरी आले तर बा म्हणाला, "मागच्या भिंतीला माझ्या शेजारी एकजण उभा असतो, त्याला विचारू काय?"

"कोण?"

"सिमेंटवाला. बांधकामावर हाय. सालवडच्या वाटेवर पत्र्याच्या खोल्या हायत, तिथं रायतो. लांबचा हाय, दक्षिणेकडचा. आपल्यातलाच."

मी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं असणार. दीड वर्ष तो दर रविवारी आमच्याच देवळात उभा होता आणि मी पुढून तिसऱ्या बाकावर असे. बाला मात्र त्याचं सगळं माहीत होतं. त्याला दोन मुली आहेत, धाकटी डाव्या हाताने जेवते, त्याच्या गावचं देऊळ पिवळं आहे, मराठी मिस्सेतलं, म्हणजे देवळातल्या प्रार्थनाविधीतलं, त्याला काही कळत नाही पण सगळे गुडघे टेकतात तेव्हा तोही टेकतो. बाला हिंदी येत नव्हतं आणि त्याला मराठी. दीड वर्षात त्यांनी हे एकमेकांना कसं सांगितलं, देव जाणे.

"चालेल?" बाने विचारलं.

"कारभारी काका…"

"पिलेला नसतो तो. थेंब नाय. नियमात बसतो."

मी हो म्हटलं. दुसरा इलाज नव्हता. बा उन्हातून बांधकामाकडे निघाला. या वेळी पायांना पानं बांधली नाहीत.

संध्याकाळी गाड्या आल्या. पाय वर केलेले अकराजण उतरले, पेंढ्यावरून चटईवर, चटईवरून देवळात. बाकावर रांगेने बसले. बावीस पाय तेलाने असे चमकत होते की वेदीवरच्या मेणबत्त्या त्यांत दिसाव्यात. शेवटची जागा मोकळी. मिस्सा सुरू झाली, शुभवर्तमान वाचून झालं, फादरांचं प्रवचन झालं, तरी जागा मोकळी. फादर वयाने मोठे होते, गुडघ्याने अधू, आणि स्वभावाने जरा तापट. त्यांनी झगा उतरवला, कमरेला पंचा बांधला आणि माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं.

तेवढ्यात बा आला, आणि त्याच्यामागे तो माणूस. बांधकामावरचा भोंगा झाल्याबरोबर दोघे निघाले असावेत. त्याने शर्ट झटकला होता, केसांना पाणी लावलं होतं. पण गुडघ्यापासून खाली तो सिमेंटचाच होता. पायांवर राखाडी थर, बोटांच्या बेचक्यांत फुटलेली कातडी, टाचेला रुपया जाईल एवढी भेग. देवळाच्या फरशीवर त्याची पावलं उमटत आली.

बाकाजवळ येऊन त्याने ते बावीस पाय पाहिले आणि थबकला. "साब," तो हळूच कारभारी काकांना म्हणाला, "मैं धोके आता हूँ."

"हां, विहीर मागे हाय," काका कुजबुजले, पण त्यांची कुजबूज शेवटच्या बाकापर्यंत जाई. "फादर, जरा थांबा. याचे पाय धुतलेले नायत!"

फादर गुडघा टेकायच्या बेतात होते. ते तसेच अर्धवट वाकलेले राहिले. "धुतलेले नाहीत?" ते म्हणाले. "मग मी हे कशासाठी बांधलंय?" आणि कमरेचा पंचा धरून दाखवला.

देवळात कोणीतरी फिसकन हसलं. मग त्या माणसाला बसवलं.

पहिले अकरा पाच मिनिटांत झाले. फादर तांब्यातून धार सोडत, पाणी तेलावरून मोत्यासारखं घरंगळून जाई, फडका लावला न लावला की पुढचा. आमच्याकडे बारांना मिळून एक तांब्या पाणी पुरत असे. पण शेवटच्या माणसापाशी आल्यावर तांब्या एका पायातच संपला. सिमेंट भिजलं आणि जास्तच चिकट झालं. फादरांनी फडक्याने घासलं, अंगठ्याने घासलं. घमेल्यातलं पाणी राखाडी. तो माणूस पाय मागे ओढायला बघत होता, फादर सोडत नव्हते, आणि दोघांच्याही कपाळावर घाम होता.

बा मागच्या भिंतीजवळून निघून गेलेला मी पाहिला. मला वाटलं, त्याला बघवलं नाही. तो परत आला तो बादलीभर पाणी घेऊन, काखेत नारळाची शेंडी.

"फादर, असं नाय निघायचं," तो म्हणाला, आणि घमेल्याशेजारी उकिडवा बसला. "टाच माझ्याकडं द्या. तुमी बोटं घ्या."

फादरांनी टाच दिली. एक पाय दोघांनी मिळून धुतला, मग दुसरा. बा शेंडीने गोल गोल घासत होता, भेगेपाशी आला की शेंडी ठेवून हाताने. तोंडाने त्या माणसाशी काहीतरी बोलत होता, मराठीतच. "दुकतंय? जरा दम धर. माजे पन असेच हायत." सबंध देऊळ बघत होतं. हे नेहमीच्या पाच मिनिटांत बसत नव्हतं.

पाय कोरडे झाले. बादलीत पाणी उरलं होतं. बा उठायला लागला, तेव्हा फादरांनी त्याचा दंड धरला. मला आधी वाटलं, गुडघ्यामुळे आधार घेतायत.

"आता तुमचे," फादर म्हणाले.

बा तसाच उकिडवा राहिला. मग जे मी दिवसभर कोणाला कळू नये म्हणून जपलं होतं, ते तो सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाला. "नको फादर. मी काल प्यायलो."

"मी पाय मागितले," फादर म्हणाले. "तोंड नाही."

आता बाक भरलेला होता. तो सिमेंटवाला माणूस आधी सरकला, आणि शेजारच्याच्या मांडीवर जवळजवळ बसलाच. मग शेजारचा सरकला, मग त्याच्या शेजारचा. सरकणं बाकाच्या दुसऱ्या टोकाशी पोचलं. तिथे कारभारी काका. ते ताठ बसून समोर पाहत होते. मग समोरच पाहत ते बोटभर सरकले. तेवढं पुरलं.

बा बसला. अर्धा बाकावर, अर्धा हवेत. बांधकामापर्यंत जाऊन आलेले ते पाय फादरांनी हातात घेतले, तशी बायकांच्या बाजूने आयचा आवाज आला, "अगो बाय, कालच घासले होते मी!"

त्यानंतर मिस्सेत गांभीर्य आणायला फादरांना बराच वेळ लागला.

बाहेर पडताना कारभारी काका फादरांना गाठून म्हणाले, "फादर, तेरा झाले. बाराचा नियम हाय."

फादर गुडघा चोळत होते. "त्या जेवणाला माणसं किती होती, कारभारी?"

काकांनी बोटांवर मोजलं. बारा शिष्य, आणि एक येशू. मग ते गाडी जुंपायला गेले.

घरी जाताना मी बाच्या मागून चालत होते. माफी मागायची होती. मुलींना निबंधात क्षमेवर दोन पानं लिहायला लावणारी मी, माझ्या तोंडून दोन शब्द निघेनात. शेवटी म्हटलं, "बा, मी कालपासून फार वाईट वागले."

"हां," बा म्हणाला. तो नाही म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "पन शिकलेली हायस. शिकशील."

बा सुधारला, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. शनिवारी तो पुन्हा प्यायला, ईस्टरला त्याने दुपारभर गाणी म्हटली आणि आयच्या आमटीला छान म्हटलं. पुढच्या उपवासकाळी नवव्या दिवशी घसरला. पण रविवारी लोक देवळाच्या दारात त्याला रामराम करतात तसं "कसा हाय?" विचारू लागले, आणि तो मागच्या भिंतीजवळच उभा राहिला तरी आता तिथे दोघेतिघे गप्पा मारायला थांबत.

पुढच्या वर्षीही यादी लिहायचं काम माझ्याकडेच आलं. मी अकरा नावं लिहिली आणि कागद कारभारी काकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून खालपर्यंत वाचलं.

"बारावा?"

"येईल कोणीतरी."

"कोन?"

"आला की कळेल."

काकांनी त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "पाय तरी धुऊन येईल ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

त्यांनी एक मोठा उसासा टाकला, कागदाखाली सही केली आणि आत वळून काकूंना म्हणाले, "अगो, या वर्सी पाणी जास्त भरायला सांग."